रेकॉर्डवरचं नाव

आईच्या सोबतीला रात्री राहणारी बाई ठेवायची होती. एका ओळखीतून नाव कळलं, फोनवर बोलणं झालं, पगार ठरला. मग धाकट्या बहिणीने विचारलं, ‘‘दादा, तिचं काही रेकॉर्ड-बिकॉर्ड आहे का, ते कुठे बघायला मिळतं?’’ प्रश्न रास्त होता. ऐंशी वर्षांची आई आणि तिच्या खोलीत एक अनोळखी माणूस. मी वकिलीतल्या मित्रांना विचारलं, पोलीस ठाण्यात जाऊन आलो, न्यायालयांच्या संकेतस्थळांवर दोन रात्री घालवल्या. त्या बाईंविषयी काहीच निघालं नाही, त्या आजही आमच्याकडे आहेत. पण त्या शोधात एक गोष्ट लख्ख झाली: आपण ज्याला सहज ‘पोलीस रेकॉर्ड’ म्हणतो, तशी एक वस्तू आपल्या शहरांत कुठेच ठेवलेली नाही. आहेत ते निरनिराळ्या कचेऱ्यांतले कागद. प्रत्येक कागद प्रकरणाच्या एका टप्प्यावर लिहिला जातो आणि पुढच्या टप्प्याची त्याला बहुधा खबर नसते.

दुसऱ्याचं नाव सांगून ‘याच्यावर गुन्हे आहेत का’ असं विचारावं आणि उत्तर मिळावं, अशी खिडकी पुण्यात नाही, मुंबईत नाही, नागपुरातही नाही. देशभरातली पोलीस ठाणी संगणकाने जोडणारा सीसीटीएनएस प्रकल्प केंद्र सरकारने २००९ मध्ये मंजूर केला. ठाण्यातली नोंद त्यात जाते, पण नावावरून माणसाचा इतिहास शोधण्याची सोय पोलिसांसाठी आहे. लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंदवही २०१८ मध्ये सुरू झाली, तीही तपासयंत्रणांपुरतीच. नागरिकाच्या हाती उरतात तीन वाटा: प्रथम खबर म्हणजे एफआयआर, न्यायालयाची नोंद आणि निवडणूक लढवलेल्या माणसाचं शपथपत्र.

त्याआधी ‘शहर’ म्हणजे काय ते ठरवावं लागतं. पुणे म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हडपसरपासून चाकणपर्यंतची वस्ती येते. पोलिसांच्या हिशेबात ते एक शहर नाही. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं आणि चाकण, आळंदी तिकडे गेलं. पुणे ग्रामीणचं दल निराळं. रेल्वेच्या डब्यात घडलेला गुन्हा लोहमार्ग पोलिसांकडे. मुंबईकराची गत हीच: दहिसरचा नाका ओलांडला की २०२० मध्ये झालेलं मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय, मुलुंडच्या पुढे ठाणे, मानखुर्दच्या खाडीपलीकडे नवी मुंबई. माणूस राहतो एकीकडे, कामाला दुसरीकडे आणि भांडण होतं तिसरीकडेच, लोकलमध्ये. त्यामुळे एका आयुक्तालयात शोधून ‘काही सापडलं नाही’ म्हणणं म्हणजे एका कपाटाचा एक कप्पा उघडून पाहणं.

पहिली वाट प्रथम खबरीची. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की नोंदवलेली एफआयआर चोवीस तासांत संकेतस्थळावर टाकावी, जिथे इंटरनेटची अडचण आहे तिथे जास्तीत जास्त बहात्तर तासांत. लैंगिक गुन्हे, पोक्सो, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणं त्यातून वगळली. महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर ‘प्रकाशित एफआयआर’ची सोय आहे. तारखा द्यायच्या, जिल्हा किंवा आयुक्तालय निवडायचं, पोलीस ठाणं निवडायचं. त्या ठाण्याची यादी समोर येते आणि मराठीतली खबर वाचता येते. घटना कधी आणि कुठे घडली हे ठाऊक असेल तर ही फार उपयोगाची सोय आहे. नुसतं नाव घेऊन बसलात, तर समुद्रात जाळं टाकल्यासारखं होतं. शिवाय आरोपीच्या रकान्यात पुष्कळदा ‘अज्ञात इसम’ असतो, कधी नुसतं टोपणनाव. अदखलपात्र तक्रार, म्हणजे ज्याला सगळे ‘एनसी’ म्हणतात, ती यात नसतेच.

आणि खबर ही खबर असते. कुणीतरी ठाण्यात जाऊन सांगितलेली, अंमलदाराने लिहून घेतलेली पहिली हकीकत. पुढे तपासात काय निघालं, ते त्या कागदाला माहीत नसतं. महाराष्ट्रात यासाठी ‘समरी’ची जुनी पद्धत आहे, ती समजून घेतल्याशिवाय कुणाच्या एफआयआरविषयी बोलूच नये असं मला वाटतं. तपास संपल्यावर दोषारोपपत्र दाखल करण्याजोगं काही नसेल, तर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्याकडे समरी अहवाल पाठवतात. ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा घडला हे खरं, पण आरोपी सापडत नाही किंवा पुरावा मिळत नाही. ‘बी’ म्हणजे तक्रारच खोटी, द्वेषाने केलेली. ‘सी’ म्हणजे ना खरी ना खोटी: गैरसमजातून झालेली, किंवा मुळात दिवाणी वादाची. सोसायटीतल्या पार्किंगवरून, भावाभावांच्या बांधावरून, मोडलेल्या भागीदारीवरून दाखल झालेले कितीतरी गुन्हे ‘सी’ होऊन फाइलबंद होतात. पण तीन वर्षांपूर्वीची खबर ज्याने उतरवून ठेवली, त्याच्या मोबाइलमध्ये ती तशीच राहते. तिच्यावर समरीचा शिक्का उमटत नाही.

दोषारोपपत्राचं काय? तेही संकेतस्थळावर टाकावं अशी याचिका झाली होती. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली. दोषारोपपत्र हा सार्वजनिक दस्तऐवज नाही, ते सर्रास खुलं केल्यास आरोपी, पीडित आणि तपासयंत्रणा या तिघांच्याही हक्कांना बाध येईल, अशी न्यायालयाची भूमिका होती. मला ती पटते. चारशे पानांच्या त्या बाडात साक्षीदारांचे पत्ते, जखमांची वर्णनं, घरातली भांडणं असतात.

दुसरी वाट न्यायालयाची. आपल्याकडे फौजदारी खटला खुल्या न्यायालयात चालतो, हे तत्त्व जुन्या फौजदारी संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. न्यायालयाच्या नोंदी ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. प्रत्येक प्रकरणाला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक असतो. तो हाती असेल तर एका क्षणात पुढची तारीख, न्यायाधीश, कलमं, मागच्या सगळ्या तारखा आणि पुष्कळदा आदेशही मिळतात. तो नसेल तर एफआयआर क्रमांकावरून शोधता येतं: पोलीस ठाणं निवडायचं, गुन्हा रजिस्टर क्रमांक टाकायचा, वर्ष टाकायचं. खबरीकडून खटल्याकडे जाणारा हाच भरवशाचा पूल आहे. म्हणून ज्यांना खरंच शोध घ्यायचा आहे त्यांनी आधी ‘गु.र.नं.’ मिळवावा, नावाच्या मागे नंतर लागावं.

कारण नाव दगा देतं. नावाने शोधायची सोय आहे, पण जिल्हा, न्यायालय संकुल आणि वर्ष निवडून, एकेका वर्षाला नव्याने शोधावं लागतं. पुण्यात शिवाजीनगरचं न्यायालय पाहिलं तरी लष्कर आणि खडकी राहतं. मुंबईत तर किल्ला कोर्ट, गिरगाव, भोईवाडा, कुर्ला, वांद्रे, अंधेरी, बोरिवली, विक्रोळी, मुलुंड अशी दंडाधिकारी न्यायालयं पसरलेली. सत्र न्यायालय काळा घोड्याला, तसंच दिंडोशीला. त्यात नोंदी इंग्रजीत, आणि मराठी नावांची रोमन स्पेलिंगं लिहिणाऱ्या कारकुनाच्या हातावर. जाधवांच्या शेवटी विदर्भात एक अक्षर, पुण्यात दुसरं. गायकवाडांत मधला ‘अ’ कधी असतो, कधी नसतो. ‘राज्य विरुद्ध अमुक व इतर’ अशी नोंद असली तर त्या ‘इतर’मध्ये सहा माणसं दडलेली असू शकतात. उलट, पवार, शिंदे, शेख, कांबळे अशा आडनावांच्या माणसांचं नाव तर सोडाच, वडिलांचं नावही जुळतं आणि माणूस निराळाच निघतो.

आमच्याच इमारतीत हे घडलं. एका भाडेकरूचं नाव कुणीतरी शोधलं आणि मारामारीचा खटला सापडला म्हणून सोसायटीच्या व्हॉट्सअॅप समूहावर पडद्याचं छायाचित्र टाकलं. चार दिवस तो मुलगा जिन्यात कुणाच्या नजरेला नजर देईना. पाचव्या दिवशी त्याने स्वतः नोंद उघडून दाखवली: खटल्यातल्या आरोपीचं वय त्याच्या वडिलांएवढं होतं. छायाचित्र टाकणाऱ्याने ते पुसलं. माफी मात्र समूहावर कुणी मागितली नाही. वर्ष संपायच्या आत मुलाने घर सोडलं. इथे कायदाही लोकांना ठाऊक नसतो. भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात बदनामीला जे अपवाद आहेत, त्यांतला पहिला असा, की सांगितलेली गोष्ट खरी असली पाहिजे आणि ती सांगणं लोकहिताचं असलं पाहिजे. नुसतं खरं असणं पुरत नाही, मग चुकीच्या माणसाचं काय बोलावं.

नोंद बरोबर माणसाची आहे असं धरलं, तरी पडद्यावरचा एक शब्द नीट वाचावा लागतो: ‘निकाली’. पुष्कळांना तो शिक्षेसारखा ऐकू येतो. खटला निकाली निघतो तो शिक्षा होऊन, निर्दोष सुटका होऊन, तडजोड होऊन, सरकारने खटला मागे घेऊन, दंड भरून, किंवा आरोपी वारला म्हणूनही. निकाल कोणत्या प्रकारचा हे त्याच पानावर खाली लिहिलेलं असतं, तिथपर्यंत नजर न्यायला हवी. त्यानंतर अपील झालं का, हे पाहायला सत्र न्यायालय आणि उच्च न्यायालय. मुंबई उच्च न्यायालयाचं संकेतस्थळ वेगळं आहे आणि मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा अशी खंडपीठं निवडावी लागतात. ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची प्रकरणं कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे गेली आहेत. एफआयआर रद्द झाल्याचे आदेश उच्च न्यायालयातच सापडतात. जामिनाचे आदेशही वाचण्यासारखे असतात. सरकारी वकील आरोपीचे पूर्वीचे गुन्हे पुढे करतात, आणि न्यायालय कधी कधी त्या प्रत्येकाचं पुढे काय झालं हेही नोंदवतं. एका पानात सगळा इतिहास मिळण्याची जागा असेल तर तीच.

संगणकापूर्वीचं, किंवा पडद्यावर आदेश नसलेलं प्रकरण असेल तर न्यायालयाच्या नक्कल विभागात जावं लागतं. खटल्याशी संबंध असलेल्याला सही-शिक्क्याची नक्कल हक्काने मिळते. तिऱ्हाइताला अर्जात कारण द्यावं लागतं, ते न्यायालयाला पटावं लागतं. वकिलाचा कारकून बरोबर असला तर अर्ज, तिकीट, फी हे सगळं सुरळीत होतं. नसला तर दोन-तीन खेपा धरून चाला.

काही नोंदी कुणालाच दिसू नयेत असं कायदा सांगतो आणि ते योग्यच आहे. लैंगिक अत्याचारातल्या पीडितेचं नाव उघड करणं गुन्हा आहे. विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करता येत नाही, आणि २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या २४ व्या कलमानुसार त्याने गुन्हा केल्याच्या निष्कर्षामुळे त्याला पुढे कोणती अपात्रता चिकटू नये. सोळा ते अठरा वयोगटातला आणि प्रौढाप्रमाणे खटला चाललेला मुलगा एवढाच त्याला अपवाद. पंधराव्या वर्षी सायकल चोरलेल्या मुलाला पस्तिसाव्या वर्षी कुणी त्याबद्दल विचारू शकत नाही, असा त्या कलमाचा आशय आहे.

मग घरी कामाला माणूस ठेवणाऱ्याने, घर भाड्याने देणाऱ्याने करायचं काय? इथे एक मोठा गैरसमज आहे. पोलीस आयुक्तांच्या आदेशानुसार भाडेकरूची माहिती ठाण्याला द्यावी लागते, तिला आपण ‘व्हेरिफिकेशन’ म्हणतो. ती माहिती आपण पोलिसांना देतो. पोलीस आपल्याला त्या माणसाचा इतिहास काढून देत नाहीत. जो कागद खरोखर उत्तर देतो तो चारित्र्य पडताळणीचा दाखला. तो ज्याचा त्यानेच ऑनलाइन अर्ज करून, कागदपत्रं जोडून मिळवायचा असतो. म्हणजे संमतीचा मार्ग. माझ्या बहिणीच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर हेच होतं: त्या बाईंच्या पाठीमागे शोध घेण्यापेक्षा त्यांनाच सांगावं, की ताई, दाखला काढा, फी आम्ही भरतो, अर्जही भरून देतो. त्यांना राग आला नाही. पूर्वीच्या दोन घरांचे फोन नंबर त्यांनी आपणहून दिले आणि खरं सांगायचं तर आमचा जीव दाखल्याने नाही, त्या फोनांनी निवला.

माहिती अधिकाराचा अर्ज करून दुसऱ्याचा इतिहास मिळेल, या भ्रमात पुष्कळजण असतात. तपास चालू असेल तर त्या कायद्याचं ८(१)(ज) कलम आड येतं. मात्र नुसतं ‘तपास चालू आहे’ हे नकाराचं कारण होत नाही, माहितीने तपासाला अडथळा कसा येईल ते दाखवावं लागतं, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये म्हटलं. व्यक्तिगत माहितीचं कलम तर २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने आणखी घट्ट केलं. माहिती अधिकार खरा उपयोगी पडतो तो आकड्यांसाठी: एका ठाण्यात वर्षभरात किती गुन्हे, किती ‘बी’ समरी, किती तडीपारीचे प्रस्ताव.

तिसरी वाट शपथपत्राची. एकाच वर्गाच्या बाबतीत नोंद पूर्ण खुली आहे: निवडणूक लढवणारे. २००२ आणि २००३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांमुळे उमेदवाराला नमुना २६ मधल्या शपथपत्रात प्रलंबित खटले आणि शिक्षा लिहाव्या लागतात. ती शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात, आणि असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स ही संस्था ती चाळून ‘मायनेता’वर मांडते. तिच्या मोजणीप्रमाणे २०२४ च्या लोकसभेत निवडून आलेल्या ५४३ पैकी २५१ जणांनी स्वतःवरचे फौजदारी खटले जाहीर केले होते. २०१८ च्या निकालानंतर हे खटले वर्तमानपत्रांतून तीनदा प्रसिद्ध करावे लागतात, २०२० च्या निकालानंतर पक्षाला अशा उमेदवाराची निवड का केली हेही सांगावं लागतं. देवेंद्र फडणवीस यांच्या २०१४ च्या शपथपत्रात दोन प्रकरणांचा उल्लेख नसल्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. ज्या प्रकरणाची न्यायालयाने दखल घेतली आहे तेही नमूद करायला हवं, हा मुद्दा त्या २०१९ च्या निकालाने पक्का झाला. पुढे २०२३ मध्ये नागपूरच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष ठरवलं. नोंद आणि निकाल दोन्ही लोकांसमोर आले. सत्ता मागणाऱ्याची नोंद खुली असावी आणि पोट भरणाऱ्याची संमतीने मिळावी, हा भेद मला न्यायाचा वाटतो.

पण व्यवहारात पोट भरणाऱ्याचीच नोंद जास्त चिकटते, आणि काही लोकांच्या बाबतीत ती जन्माआधीच लिहिलेली असते. बोटांच्या ठशांचा पहिला विभाग १८९७ मध्ये कलकत्त्यात निघाला, तेव्हा देशात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा पंचवीस वर्षांहून जुना होता. या कायद्याने अख्ख्या जमातींची नोंद गुन्हेगार म्हणून झाली. या जमातींना डांबून ठेवलेल्या सोलापूरच्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण पाहिलेल्या पिढीची नातवंडं आज महाविद्यालयात आहेत. ऑगस्ट १९५२ मध्ये कायदा गेला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या. पण सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि ठाण्यातली नजर तीच राहिली. लक्ष्मण गायकवाड यांचं ‘उचल्या’ हे आत्मकथन वाचलेल्याला हे वेगळं सांगायला नको. गावात चोरी झाली की आधी पारध्यांच्या पालावर जीप जाते, हे आजही घडतं. असा ‘संशयित’ म्हणून दहादा उचललेला माणूस कागदावर दहा नोंदींचा धनी होतो, शिक्षा एकही नसताना.

ठाण्यातली हिस्ट्रीशीट हा पोलिसांचा अंतर्गत दस्तऐवज आहे, तो सार्वजनिक अहवाल नाही, आणि वंचित समाजातल्या निरपराधांची नावं त्यात निव्वळ पूर्वग्रहाने शिरली आहेत का हे राज्यांनी तपासावं, असं सर्वोच्च न्यायालयाने मे २०२४ मध्ये सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना न्यायालयाने तुरुंगांच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढून टाकायला लावला. हिस्ट्रीशीटबद्दलच्या त्या शब्दांची ठाण्याठाण्यांत किती अंमलबजावणी झाली हे विचारायला माहिती अधिकार आहे, आणि तो कुणीतरी वापरायला हवा. तडीपारीचंही तसंच. महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली माणसाला दोन वर्षांपर्यंत हद्दीबाहेर घालवता येतं, त्यासाठी शिक्षा झालेली असणं दर वेळी लागत नाही. ‘तडीपार’ हा शब्द मात्र आयुष्यभर नावाला लागतो.

ग्रामीण आणि निमशहरी तरुणांची एक वेगळी चिंता मी गेली काही वर्षं ऐकतो आहे. मोर्चात गेलो, रास्ता रोको केला, गुन्हा दाखल झाला, आता पोलीस भरतीचं काय? सरकारने राजकीय, सामाजिक आंदोलनांतले खटले मागे घेण्याचे निर्णय अनेकदा घेतले. पण निर्णय झाला म्हणजे खटला संपला असं नाही. सरकारी वकिलाने न्यायालयात अर्ज करावा लागतो आणि न्यायालयाने परवानगी द्यावी लागते. ती होईपर्यंत साक्षांकन नमुन्यात खटला लिहावाच लागतो. लपवू नये. २०१६ च्या अवतार सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की प्रामाणिकपणे लिहिलेल्या किरकोळ गुन्ह्याकडे नियोक्ता कानाडोळा करू शकतो. लपवलेलं प्रकरण उघड झालं तर किरकोळ गोष्टही नोकरी घालवू शकते.

सुटलेल्या माणसाने काय करावं, यावर कायदा अजून अर्धवट बोलतो. २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. त्यानंतर वेगवेगळ्या उच्च न्यायालयांनी निर्दोष सुटलेल्यांची नावं झाकण्याचे आदेश दिले. अशाच एका आदेशाने मद्रास उच्च न्यायालयाने ‘इंडियन कानून’ या निकालांच्या संकेतस्थळाला निकाल काढायला सांगितलं, तेव्हा २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. बोटांचे ठसे आणि इतर मोजमापं २०२२ च्या कायद्याने पंचाहत्तर वर्षं ठेवता येतात. पूर्वी शिक्षा नसलेला माणूस निर्दोष सुटला, की ती नष्ट करावीत असंही त्याच कायद्यात आहे, न्यायालयाने वेगळं सांगितलं नसेल तर. यंत्रणेला करता येण्याजोगी साधी गोष्ट एकच आहे आणि मी ती जिथे संधी मिळेल तिथे मांडतो: प्रकाशित एफआयआरच्या शेजारी तिचा सीएनआर क्रमांक, किंवा समरीची तारीख छापा. दोन्ही माहिती सरकारकडेच आहे.

तोवर स्वतःची नोंद स्वतः तपासावी. निर्दोष सुटका, समरी किंवा रद्द झालेली एफआयआर, यांतलं जे असेल त्याच्या सही-शिक्क्याच्या दोन नकला काढाव्यात. एक घरी ठेवावी. दुसरी अर्जाला जोडून ज्या ठाण्यात गुन्हा दाखल होता तिथे द्यावी, संगणकावरची नोंद अद्ययावत करण्याची लेखी विनंती करावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. महिन्याभराने चारित्र्याच्या दाखल्यासाठी अर्ज करून पाहावा. त्यात जुना खटला अजून प्रलंबित म्हणून दिसला, तर हीच पोच जोडून पोलीस उपायुक्तांच्या कार्यालयात पुढचा अर्ज करता येतो.